सीईए ३.२ वरून ५.८ झाला म्हणजे कॅन्सर परत आला का?

ताई, आईंच्या मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनला ९ महिने झाले, केमो संपून दीड महिना झाला, आणि सीईए (या कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात तो पदार्थ) ३.२ चा ५.८ झाला असं तुम्ही लिहिलंय. ५ च्या वरचा आकडा रिपोर्टमध्ये ठळक छापून येतो आणि तो बघून रात्रभर झोप लागत नाही, हे मी अनुभवलंय. पण या एका आकड्यावरून कॅन्सर परत आला असं कुणीच सांगू शकत नाही.

आधी हे बघा, दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का? माझ्या मिस्टरांचं ऑपरेशन नोव्हेंबर २०१८ मध्ये झालं. त्याआधी सीईए १८ होता, दीड महिन्याने २.१ वर आला. पुढे वर्षभर दोनच्या आसपासच राहिला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये नेहमीची लॅब बंद होती म्हणून दुसऱ्या लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. आकडा आला ४.६! मी रडरड रडले. तीन आठवड्यांनी जुन्या लॅबमध्ये पुन्हा केला तर २.३. प्रत्येक कंपनीच्या मशीनचं मोजमाप थोडं वेगळं असतं, त्यामुळे दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नाहीत.

दुसरं म्हणजे केमो. सीईए शरीराबाहेर टाकायचं काम मुख्यतः लिव्हर करतं. केमोतल्या ऑक्झॅलिप्लॅटिनसारख्या औषधाने लिव्हरवर ताण आला की आकडा काही काळ चढतो आणि आपोआप उतरतो. कावीळ, लिव्हरचे जुने आजार, स्वादुपिंडाची सूज, सिगारेट यांनीही चढतो. आईंच्या एसजीपीटी, बिलिरुबिन या लिव्हरच्या तपासण्यांचे रिपोर्ट सोबत ठेवा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. काही मशीनवर त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो.

आता काळजीचं कधी, तेही सांगते. आमच्या वहीत २०२१ चं पान असं आहे: फेब्रुवारी २.९, मे ४.१, ऑगस्ट ६.४. लॅब तीच, सिगारेट नाही, लिव्हरचे रिपोर्ट चांगले. मे महिन्यात आकडा ‘नॉर्मल’मध्येच होता, म्हणून मी निर्धास्त राहिले. सर्जननी मात्र वही हातात घेऊन तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं आणि त्याच दिवशी सीटी स्कॅन लिहून दिला. लिव्हरमध्ये एकच गाठ निघाली. ती काढली. त्यानंतरचा पहिला सीईए १.८. म्हणून सांगते, ५ च्या रेषेपेक्षा चढण महत्त्वाची.

हे तपासणं वाया जात नाही. ब्रिटनमधल्या १२०२ पेशंटच्या फॅक्स अभ्यासात (२०१४) नियमित सीईए किंवा सीटी करणाऱ्यांमध्ये परत आलेला कॅन्सर ऑपरेशन करण्याजोगा असताना जास्त वेळा सापडला. आयुष्य किती वाढलं यात मात्र ठोस फरक दिसला नाही, हेही खरं.

आणि उलटही लक्षात ठेवा. काही गाठी सीईए तयारच करत नाहीत. आकडा चांगला आहे म्हणून ठरलेला सीटी किंवा ऑपरेशननंतर वर्षाने करायची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) टाळू नका. साधारणपणे पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी सीईए करतात. लॅबवाले ‘कॅन्सर पॅकेज’ म्हणून सीए १९-९ वगैरे रक्ताच्या आणखी तपासण्या सुचवतील, तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय करू नका. त्यातून नुसता घोर वाढतो.

पुढच्या आठवड्याची सर्जनची भेट चुकवू नका. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, प्रत्येक आकड्यापुढे लॅबचं नाव लिहा. साधारण महिन्याभराने त्याच लॅबमध्ये पुन्हा करायचा की आत्ताच सीटी करायचा, हे त्यांना स्पष्ट विचारा. पोटात दुखणं, वजन उतरणं, शौचाची सवय बदलणं असं काही असेल तर आकड्याची वाट बघायची नाही, उद्याच फोन करा. आणि ऑपरेशनआधीचा सीईए फाइलमध्ये सापडला तर इथे लिहा, तुम्ही तो दिलेला नाही.