आयटीआयच्या मुलाला इंग्रजीचा क्लास लावावा का?

आयटीआयतल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात ते ट्रेडबद्दल फारसं विचारत नाहीत, इंग्रजीबद्दल विचारतात. वरूड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदारांचाही तोच घोर होता. "मॅडम, पोरगं इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाले आहे. काम येते त्याले. पण कंपनीवाले इंग्रजीत विचारतीन तं थो काय सांगन जी? अमरावतीले स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?" आंबिया बहराचे पैसे नुकतेच हाती आले होते. ते दुसरीकडे खर्च व्हायच्या आत फी भरून टाकावी, असं त्यांना वाटत होतं.

मंगेश (नाव बदललं आहे) शेजारीच बसला होता. "मले इंग्रजीतलं काहीच येत नाही," एवढंच बोलला. ट्रेड शिकवणाऱ्या निदेशक सरांना विचारून मी दोघांना वर्कशॉपमध्ये घेऊन गेले आणि तिथल्या थ्री फेज मोटरच्या नेमप्लेटवर बोट ठेवलं. मंगेश वाचत गेला: व्होल्टेज ४१५, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, स्पीड १४४० आरपीएम, कनेक्शन डेल्टा.

"१४४०च का रे?"

"चार पोलची आहे नं मॅडम. ५० हर्ट्झवर सिंक्रोनस स्पीड १५०० येते. रोटर त्याच्या थोडा मागं राह्यते, त्याले स्लिप म्हणतात."

वडील मुलाकडे बघतच राहिले.

ज्याला स्लिप कळते, त्याच्यापुढे 'धिस इज अ पेन' ठेवणं मला मुळीच पटत नाही. समज कारागिराची आणि धडा पाचवीचा, याचीच या मुलांना लाज वाटते आणि मग ती तोंड मिटून घेतात. शब्द त्यांच्याजवळ ढीगभर असतात: रिले, ट्रिप, अर्थिंग, वाइंडिंग, कंटिन्युइटी. नसतात ती क्रियापदं आणि वाक्याची बांधणी. म्हणून सुरुवात ट्रेडपासूनच करावी, असं मी ठामपणे सांगते.

विषय शिकता शिकता भाषा शिकवायची ही रीत जगात जुनी आहे. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. युरोपात १९९४ पासून या पद्धतीला 'क्लिल' म्हणतात, म्हणजे विषय आणि भाषा एकत्र शिकणं. आपल्याकडे सगळा ट्रेड इंग्रजीत शिकवा, असं माझं म्हणणं नाही. मोटर सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर आधी मराठीत, अगदी वऱ्हाडीत समजू द्या. समजलेली गोष्टच मग इंग्रजीत सांगायला लावा.

आयटीआयत एम्प्लॉयबिलिटी स्किल्सच्या तासाला इंग्रजी असतं. ते शिकवणाऱ्या शिक्षिकेला मोटर ठाऊक नव्हती आणि निदेशक सरांना इंग्रजी शिकवायची सवय नव्हती. दोघं एकत्र बसले तेव्हाच काम पुढे सरकलं. आधी सुरक्षेच्या सूचना घेतल्या: 'स्विच ऑफ द सप्लाय', 'डू नॉट टच द टर्मिनल्स'. त्या पाठ म्हणायच्या नाहीत. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तसं करायचं. त्यानंतर फॉल्ट. सर मुद्दाम तीनपैकी एका फेजचा फ्यूज काढून ठेवत. मोटर फिरत नाही, नुसती घूं करते. मुलांनी शोधायचं, आणि काय केलं ते प्रॅक्टिकलच्या वहीत लिहायचं.

मंगेशनं पहिल्यांदा लिहिलं: 'मोटर नो स्टार्ट. फ्यूज गॉन.' शिक्षिकेनं त्यावर लाल रेघ मारली नाही. विचारलं, आधी काय तपासलंस? मग काय दिसलं? त्या प्रश्नांतून वही भरत गेली: 'द मोटर डिड नॉट स्टार्ट. आय चेक्ड द सप्लाय. वन फेज वॉज मिसिंग. आय रिप्लेस्ड द फ्यूज.' भूतकाळाचा धडा वेगळा घ्यावाच लागला नाही. पुढे जर-तरची वाक्यं आली: एक फेज गेला तर मोटर तापते, ओव्हरलोड रिले ट्रिप होतो, म्हणजे मोटर बंद पाडतो. हेच तो तोंडानं, वही न बघता सांगू लागला. अडला की वाक्य मराठीत पुरं करायची मोकळीक होती. ती नसती तर तो पुन्हा गप्प बसला असता.

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कंपनीत अप्रेंटिसशिपच्या मुलाखतीत स्टार्टरबद्दल विचारलं, तेव्हा मंगेशनं इंग्रजीत उत्तर दिलं. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर मात्र अडखळला. विषयातून भाषा शिकवली की ही बाजू उणी राहते, तिची तयारी वेगळी करावी लागते. आता आम्ही त्याच्या परिचयातही कामच घालतो: गाव, ट्रेड, कोणत्या मोटरी तपासता येतात, शेतातला पंप स्वतः कसा दुरुस्त केला.

वडिलांना मी म्हटलं, "भाऊ, क्लासवाल्याला आधी एकच विचारा, माझ्या मुलाच्या ट्रेडचं काही बोलून घ्याल का? नाही म्हणाले तर ते पैसे सध्या राहू द्या, त्यातून त्याला चांगला मल्टिमीटर घेऊन द्या. आणि संध्याकाळी विहिरीवर गेलात की पंपाचा स्टार्टर त्याला इंग्रजीत समजावून सांगायला लावा. तुम्हाला नाही कळलं तरी चालेल, त्याचं बोलणं झालं पाहिजे."