मे महिन्यात पाणी कोण घालतं?

प्रिय पोरी,

एन.एस.एस.ला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घालू का, अभ्यास बुडेल का, घरचे शिबिराला पाठवतील का, असं तू फोनवर विचारलंस. नाव जरूर घाल. पण आधी तुमच्या युनिटची जरा चौकशी कर.

सीनिअर मुलांना एवढंच विचार: जुलैत लावलेल्या झाडांना मे महिन्यात पाणी कोण घालतं? आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, कॉलेजला सुट्ट्या लागतात, मुलं गावी जातात. तरीही कोणाची पाळी कधी, पाणी कुठून आणायचं, हे ज्यांनी ठरवलेलं असतं, त्यांच्यात बिनधास्त जा. उत्तर आलं नाही, तर ते ठरवायचं काम तू अंगावर घे.

अभ्यासाची काळजी करू नकोस. दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२०. आठवड्याला अडीच तासही होत नाहीत. शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर वेगळं. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आणि तू तर यावल तालुक्यातली. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तुमच्या फैजपूरचं. शिकलेल्यांनी खेड्यात जावं, हा विचार तुमच्या शिवाराला नवा नाही.

आता मला सगळ्यात जास्त कळकळ आहे ती गोष्ट. शिबिर बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत लागतं आणि कामांच्या यादीत वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा नाल्यातला कच्चा बांध, हमखास असतो. तोवर सातपुड्याच्या पायथ्याचे कितीतरी नाले आटलेले असतात. कोरड्या नाल्यात बंधारा बांधून काय अडणार? त्याची वेळ पाऊस ओसरल्यावरची, नाल्याला बारीक धार असतानाची. म्हणून दिवाळीच्या आधीच चार-पाच जण गावात जा. म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसा, नाला कधी आटतो, पाणी कुठे थांबवलं तर कोणाच्या विहिरीला पाझर फुटतो, ते विचारा. काम करताना सिमेंटची रिकामी गोणी पाऊणच भरायची. गच्च भरली की ती दगडासारखी होते, शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी निघून जातं. तोंड दाभणाने शिवायचं, गोण्या सांधेमोड करून रचायच्या, पाण्याच्या बाजूने काळी माती चोपायची. मग महिन्याभराने परत जाऊन बघायचं, किती पाणी टिकलंय आणि कोण वापरतंय. मुलं परत जात नाहीत, हे मला फार लागतं. गावाचा विश्वास त्या दुसऱ्या खेपेला बसतो.

जमलं तर धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा गाव बघून ये. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती तिथल्या कामासाठी. जंगल राखायचे नियम गावाने स्वतः केले आणि स्वतःच पाळले. तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते. बायका पानं ओळखून सांगतात, ते वहीत उतरवून घे.

तुमचं शिबिर नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे गेलं, तर तिथल्या पाड्यांवर पावरा आदिवासींची पावरी भाषा बोलतात. सर्वेक्षणाला तुमच्या वर्गातल्या पावरा मुलामुलींना नुसतं दुभाषी म्हणून नेऊ नका, गटाचं नेतृत्व त्यांच्याकडे द्या. सिकलसेलसारखा, आई-वडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा विषय त्या भागात घरातला असतो. कोणाच्या रक्ताचा रिपोर्ट काय आला, हे चावडीवर बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही. प्रश्न विचारणारं माणूस ओळखीच्या भाषेतलं असलं की आई मोकळी होते.

राहिला घरच्यांचा प्रश्न. तुझ्या आईची काळजी खरी आहे, तिच्याशी वाद घालू नकोस. मुलींबरोबर कोणत्या मॅडम मुक्कामी आहेत, झोपायची खोली आणि संडास-न्हाणीची सोय कुठे आहे, दवाखाना किती लांब, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारून कागदावर लिहून घरी दे. हे विचारायचा तुला हक्क आहे, आणि चांगले अधिकारी स्वतःहून सांगतात. एकदा आईला मॅडमशी फोनवर बोलू दे. वडिलांना माझा नंबर दे. कॉलेजचं पत्र हातात पडलं की मला कळव, रविवारी मी घरी येऊन त्यांच्याशी बोलेन.

तुझे,
सर