जिप्सममध्ये फॉसिल सापडतात का? पनवेलच्या आसपास मुलाला कुठे दाखवता येतील?

सापडतात. (जिप्सम म्हणजे नखानेही चरा उठेल असं मऊ खनिज, फॉसिल म्हणजे जीवाश्म.) आणि हे मी जरा जोरातच सांगणारे, कारण याच मुद्द्यावरून माझ्या एमएस्सीच्या व्हायवाचे, म्हणजे तोंडी परीक्षेचे, मार्क गेलेत.

मी कळव्याची, जिऑलॉजी केलंय. आमची फील्ड ट्रिप तामिळनाडूत अरियलूरच्या बाजूला कारईला गेली होती, तिथे नजर जाईल तिथवर चिकणमातीचं उघडंबोडकं रान, पावसाने घळी पाडलेल्या आणि त्यातून जिप्समच्या शिरा आडव्यातिडव्या गेलेल्या. अशाच एका शिरेला खेटून मला बेलेम्नाइट दिसला. बोटाच्या पेराएवढा, मधाच्या रंगाचा, एका टोकाला निमुळता. माकुळाच्या नात्यातल्या, क्रिटेशिअस म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातल्या प्राण्याचा तो आतला टणक भाग. नखाने ओरखडून बघितलं, शिरेवर चरा उठला, बेलेम्नाइटवर काही नाही, कारण तो कॅल्साइट, नखापेक्षा कठीण खनिज.

व्हायवाला हे सांगायला लागले तर बाहेरून आलेले सर म्हणाले, जिप्सम म्हणजे आटलेलं खारं पाणी, त्यात काय जगणार, वाचून येत जा. अहो, जगायचं कशाला? मरून वाहत आलं तरी पुरतं की! पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीच्या जिप्सममधूनच क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला पॅलिओथेरियम या नामशेष सस्तन प्राण्याची हाडं मिळाली. १८०४ साली तर त्याने तिथल्याच एका दगडातल्या सांगाड्याचे दात-जबडा बघून ओळखलं की हा ऑपॉसमसारखा पिशवीवाला प्राणी आहे, आणि मग लोकांसमोर सुईने दगड खरवडून पिशवीवाल्यांची कंबरेजवळची ती दोन खास हाडं काढून दाखवली. इटलीत भूमध्य समुद्र आटला तेव्हाच्या, साठएक लाख वर्षांपूर्वीच्या जिप्समच्या स्फटिकांत सूक्ष्मजीवांचे धागे अडकलेत, म्हणजे तिथे काहीतरी जगतही होतं. हे शिकवणाऱ्यांनाच माहीत नसेल तर पोरांनी काय वाचून यायचं?

हां, आता एक खरंय की कारईचे फॉसिल चिकणमातीतले, शिरा नंतर भरलेल्या. मी तेच सांगत होते, पण वाक्य पुरं करू दिलं नाही. शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीच्या थरथर दगडात, पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असेल तर तो हवापाण्याने सडून आम्ल होतं, ते शिंपल्यांचं कॅल्साइट खातं आणि त्यातून जिप्सम बनतं, म्हणजे कधीकधी जिप्सममुळेच फॉसिल संपतं.

पनवेलचं म्हणाल तर आमच्याकडच्या पारसिकच्या डोंगरापासून तिथवर डोंगर सगळे बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या दगडाचे, जिप्समचे थर नाहीत. मुंबईत वरळीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे फॉसिल मिळालेत, पण ते जिप्सम नव्हे. खरंच दाखवायचं असेल तर कच्छ नाहीतर कारई, तेही थंडीत, उन्हाळ्यात पोराला नेऊ नका. काही उचलून आणू नका, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा, आणि कुठल्या थरात, शिरेच्या आत की बाहेर, ते तिथेच लिहून ठेवायला लावा. माझ्या वहीत तसं लिहिलेलं होतं, सरांनी ती उघडलीच नाही.