ठिपके गेले, रोग राहिला

प्रश्न : माझा २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात दोन क्लाउनफिश, एक लहान ब्लू टँग, थोडे कोरल आणि एक क्लीनर श्रिंप. टँगच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले आणि चार दिवसांत आपोआप गेले. आठवड्याने तिन्ही माशांवर दुपटीने उमटले. दुकानातून तांब्याचं औषध मिळालंय. टँकमध्ये टाकू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : टाकू नका. तांब्याने श्रिंप मरेल, कोरलही मरतील. शिवाय खडक आणि वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे पाण्यात मात्रा नेमकी राहतच नाही.

तुम्ही सांगता त्यावरून हा क्रिप्टोकॅरियॉन, म्हणजे खाऱ्या पाण्यातला इच, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. दिसतो तो ठिपका म्हणजे कातडीखाली शिरून बसलेला परजीवी. तिथे तांबं त्याच्यापर्यंत पोचत नाही. तीन ते सात दिवसांत तो गळून पडतो, खडकाला नाहीतर काचेला चिकटून कवच करतो आणि आत शेकड्याने पिल्लं तयार होतात. ठिपके गेले तेव्हा तुमच्या टँकमध्ये हेच चाललं होतं. कवच कधी तीन-चार दिवसांत फुटतं, कधी दोन महिनेही घेतं. पण बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ते संपतं. म्हणून टँक ७६ दिवस माशांविना ठेवा. कोरल आणि श्रिंप तिथेच राहू द्या, श्रिंपला चिमूटभर खाणं चालू ठेवा.

मासे बाहेर काढून औषधाविना बरे करता येतात. साबण न लागलेले, झाकणाचे ४० लिटरचे दोन टब घ्या. प्रत्येकात वेगळा एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), वेगळा हीटर आणि आडोशाला पीव्हीसी पाइपचा एल्बो, म्हणजे वाकडा जोड. मासे पहिल्या दिवशी पहिल्या टबात, चौथ्या दिवशी दुसऱ्यात, सातव्या दिवशी परत पहिल्यात, दहाव्या दिवशी दुसऱ्यात आणि तेराव्या दिवशी तिसऱ्या स्वच्छ टँकमध्ये. ७६ दिवस भरेपर्यंत मुक्काम तिथेच. दोन बदलांमध्ये ७२ तासांहून जास्त जाऊ देऊ नका. त्यानंतर टबात गळलेल्या परजीवींची कवचं फुटू लागतात. बदल सकाळी करा, कारण परजीवी बहुधा रात्रीच्या अंधारात गळतात. रिकामा टब, एअरस्टोन, जाळी सगळं धुऊन पूर्ण कोरडं होईपर्यंत वाळवा. सांगलीचं ऊन इथे फार कामाचं आहे.

लिटरला साधारण ३५ ग्रॅम सी सॉल्ट (माशांच्या टँकसाठी मिळणारं समुद्री मीठ), म्हणजे टबाला १.४ किलो. चार वेळा भरायचं म्हणजे ५.६ किलो. किराणाचं मीठ चालत नाही. पाणी आरओचं घ्या. बोअरचं नको, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. मीठ आदल्या संध्याकाळी मिसळून रात्रभर हवा चालू ठेवा. घनता रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्यातलं मीठ मोजायचं उपकरण) जुन्या पाण्याशी जुळवा, तापमानही.

बिघडतं ते बहुतेक अमोनियामुळे. टबात फिल्टर नसतो, म्हणून खाणं दिवसातून एकदाच, तेही थोडं, आणि उरलेलं लगेच नळीने ओढून काढा. दुसरी चूक म्हणजे ओली जाळी एका टबातून दुसऱ्यात नेणं. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा.

एक कळकळीने सांगतो : ब्लू टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. २०० लिटर त्याला अपुरे आहेत. बरा झाला की मोठ्या टँकवाल्याला देऊन टाका.

प्रश्न : गोड्या पाण्यातल्या इचला आम्ही हीटर ३० अंशांवर ठेवतो. खाऱ्या पाण्यातल्या इचला चालेल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. नाव सारखं, जीव वेगळा. इथे तेवढ्या उष्णतेने तो मरत नाही, उलट पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि कल्ले आधीच जखमी असतात. लसूण, यूव्ही दिवा यांनीही रोग मुळातून जात नाही.

ठिपके मिठाऐवजी पिठाच्या धुळीसारखे बारीक असतील, मासा धापा टाकत पंपाच्या झोतात उभा राहत असेल आणि खाणं सोडलं असेल, तर तो व्हेल्वेट, हा दुसऱ्या परजीवीचा रोग. तो दोन-चार दिवसांत जीव घेतो, त्यामुळे टब बदलत बसायला वेळ नसतो. त्याच दिवशी मासे वेगळ्या, वाळू-खडक नसलेल्या टँकमध्ये काढा. तांब्याचं औषध इथे वापरायचं. मात्रा बाटलीवर असेल तीच, आणि रोज टेस्ट किटने तपासून, कारण कमी पडलं तर रोग टिकतो आणि जास्त झालं तर मासा जातो. तांबं चालू असताना अमोनिया मारणारं द्रावण मात्र त्यात घालू नका. त्याने तांबं माशालाच विषारी होऊ शकतं.