आधी मानसशास्त्र, हेडसेट नंतर

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोबियावर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीने उपचार करण्यातच करिअर करायचं म्हणते. त्यासाठी तिने सहा महिन्यांचा ‘व्हीआर थेरपिस्ट’ सर्टिफिकेट कोर्स निवडलाय. तिच्या बाबांच्या मते ही गेमची हौस आहे, ओसरेल. आणि नाही ओसरली तर उद्या मशीनच उपचार करेल, मग हिला कोण विचारणार? कोर्सची फी भरू का? – एक आई

उत्तर : ताई, फी भरू नका. पण मुलीची आवड हौस म्हणून उडवूनही लावू नका.

हे नवं खूळ नाही. बार्बरा रॉथबाम, लॅरी हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उंचीच्या भीतीवरचा व्हीआर अभ्यास अमेरिकेत १९९५ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यामागची पद्धत तर आणखी जुनी. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहानग्याजवळ ससा हळूहळू, त्याला झेपेल तितकाच जवळ आणला होता. एक्स्पोजर म्हणतात ते हेच. व्हीआरने सोय वाढवली एवढंच. विमानाची भीती असेल तर दर वेळी तिकीट काढावं लागत नाही, एकाच बैठकीत दहा वेळा टेकऑफ करता येतो.

सत्रात काय होतं ते पाहा. हेडसेट घातलेला माणूस सपाट फरशीवर उभा असतो, पण डोळ्यांसमोर दहाव्या मजल्याची गच्ची असते आणि गुडघे खरोखर लटपटत असतात. त्याला काय दिसतंय ते थेरपिस्टला शेजारच्या स्क्रीनवर कळतं. ती विचारते, “शून्य ते शंभर, भीती आता किती?” तो म्हणतो, “वीस.” नवख्याला वाटेल, झालं काम, पुढचा मजला घ्या. जाणकार थेरपिस्टला मात्र दिसतं की दृश्य बराच वेळ समोरच्या इमारतीवरच खिळलंय; पठ्ठ्या खाली बघतच नाहीये. कदाचित डोळेच मिटून उभा असेल, आणि हेडसेटमुळे ते बाहेरून कळायचं नाही. मग ती त्याला कठड्याशी बोलावते आणि खाली कोणत्या रंगाच्या गाड्या दिसतात ते विचारते. ही नजर बटणं शिकून येत नाही.

बाबांची दुसरी शंका मात्र रास्त आहे. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१८ मध्ये उंचीला घाबरणाऱ्या १०० जणांवर चाचणी केली. त्यातल्या व्हीआर गटाला सॉफ्टवेअरमधल्या आभासी प्रशिक्षकानेच मार्गदर्शन केलं, आणि त्यांची भीती चांगलीच उतरली. तेव्हा साध्या, एकाच गोष्टीच्या फोबियाचं बरंचसं काम मशीनकडे जाईल, असं मला वाटतं. उरतील ती गुंतागुंतीची माणसं : फोबियाच्या जोडीला नैराश्य असलेली, जुना आघात असलेली. रक्ताची किंवा इंजेक्शनची भीतीच घ्या. इतर भीतींमध्ये रक्तदाब वाढतो. इथे तो आधी वाढून मग एकदम घसरतो आणि माणूस चक्कर येऊन पडू शकतो. त्याला ‘सैल सोडा’ सांगणं चूक. स्नायू आवळायला शिकवावं लागतं. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती हेडसेट न दिलेला बरा.

म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण, त्यात सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) आणि एक्स्पोजरचं देखरेखीखालचं प्रशिक्षण, आणि जिथे काम करायचं तिथल्या नियमांनुसार परवाना, असा क्रम ठेवा. हेडसेट चालवणं त्यानंतर थोड्या दिवसांत जमतं. (तोवर तिने तो एकदा वीस मिनिटं घालून पाहावा. काहींना चांगलंच मळमळतं.)

एक गोष्ट तिच्याशी निवांत बोला. घाबरलेल्या माणसासोबत बसणं तिला आवडतं, की ती गच्ची, ते विमान उभं करणं? दुसरं असेल तर वाट वेगळी : युनिटीसारखं गेम इंजिन (गेम तयार करायचं सॉफ्टवेअर), सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा आणि ह्युमन-कम्प्युटर इंटरॅक्शनचा, म्हणजे माणूस संगणक कसा वापरतो याचा, अभ्यास. तिथे तिची मानसशास्त्राची पदवी वाया जाणार नाही. भीतीच्या पायऱ्या सोप्याकडून अवघडाकडे कशा लावायच्या हे कळणारे लोक अशा टीमला लागतातच.

आणि तरीही तिने त्या कोर्सचा हट्ट धरला, तर संस्थेला दोनच प्रश्न लेखी विचारायला सांगा : कोर्सनंतर मला स्वतंत्रपणे रुग्ण पाहता येतील का, आणि प्रशिक्षणात खरे रुग्ण कोणाच्या देखरेखीखाली पाहायला मिळतील?