आरामदायी लक्झरी सेडान सोडून खरी स्पोर्ट्स कार घेतली, तर पस्तावायची वेळ येईल का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: ८ वर्षं मर्सिडीझ ई-क्लास चालवताय, रोज साधारण ४० किलोमीटर होतात, आता पोर्शे ९११ घ्यावी की पोर्शेचीच केमन यात अडकलाय, आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, "कंबर अधूनमधून धरते." मला विचाराल तर प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी माझं सांगतो. मी ११ वर्षं एक मोठी सेडान चालवली आणि ४ वर्षांपूर्वी दोन सीटची, मध्ये इंजिन असलेली गाडी घेतली. आज पस्तावत नाही. पहिले तीन महिने मात्र चांगलाच पस्तावलो होतो, आणि त्यात गाडीचा काही दोष नव्हता. स्पोर्ट्स कार म्हणजे माझ्याच गाडीची जास्त वेगवान बहीण, असं मी धरून चाललो होतो.

वेगच हवा असेल तर सेडान सोडायची गरजच नाही. मागच्या पिढीची ई-६३ एस एएमजी, म्हणजे तुमच्याच ई-क्लासची सगळ्यात ताकदवान आवृत्ती, ६१२ पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती) आहे आणि ० ते १०० ला ३.४ सेकंद घेते. ३०० पीएसची साधी ७१८ केमन मॅन्युअल गिअरमध्ये त्यालाच ५.१ सेकंद घेते. म्हणजे चार माणसं आणि बॅगा घेऊन निघालेली सेडान सिग्नलवरून केमनला मागे टाकून जाईल. हे पचत नसेल तर इथेच थांबा, खूप पैसे वाचतील.

मग फरक कशात आहे? मला तो रबरात सापडला. कुठल्याही गाडीत सस्पेन्शनचे दांडे सांगाड्याला जिथे जोडलेले असतात तिथे रबरी बुश असतात. आरामदायी सेडानमध्ये ते मऊ असतात. रस्त्याची थरथर ते पिऊन टाकतात, पण मऊ असल्यामुळे स्टिअरिंग वळवलं की आधी रबर दबतं आणि मग चाक उत्तर देतं. स्पोर्ट्स कारमध्ये बुश कडक, आणि अगदी टोकाच्या गाड्यांत तर रबराऐवजी धातूचे बॉल जॉइंट. आता चाक ताबडतोब ऐकतं, पण रस्त्यावरची प्रत्येक खपलीही बुडापर्यंत पोचते. दोन्ही गोष्टी एकाच तुकड्यामुळे होतात, त्यामुळे एक ठेवून दुसरी काढता येत नाही. गाडीतली मोडची बटणं शॉक अॅबसॉर्बर मऊ-कडक करतात, स्टिअरिंग जड-हलकं करतात. बुश बदलत नाहीत. विक्रेता "कम्फर्ट मोडमध्ये अगदी सेडानसारखीच चालते" म्हणाला की मान डोलवा आणि पुढे चला.

सेडानचा सगळा जीवच तुम्हाला काही कळू न देण्यात असतो. हवेचं सस्पेन्शन (एस-क्लासमध्ये ते १९९८ पासून आहे), दुहेरी काच, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). पालखीत बसलेल्याला भोयांचे पाय मोजावे लागत नाहीत, तसं. घोड्यावर बसलात की प्रत्येक टाप तुमची. मला आधी वाटायचं की ही कमतरता आहे, आपण तिची सवय करून घ्यायची. नंतर कळलं की पैसे त्या टापांचेच मोजलेत.

वजनाचंही तसंच. एस-क्लास दोन टनांच्या आसपास, केमन १,४०० किलोच्या आत, आणि १९९६ मधली पहिली लोटस एलिस तर साधारण ७२५ किलोची. त्यात भर म्हणजे वजन कुठे आहे ते. एका काठीच्या दोन टोकांना वजनं बांधून ती हातात फिरवून बघा, मग तीच वजनं मधोमध मुठीजवळ बांधून फिरवा. मध्ये इंजिन असलेली गाडी (केमन तशीच) दुसऱ्या काठीसारखी आहे. वळणात ती चटकन फिरते. सुटली तर तितकीच चटकन सुटते, हे त्या काठीनेच सांगितलेलं असतं, आपण ऐकत नाही.

मी ऐकलं नव्हतं. गाडी घेऊन तिसरा आठवडा, पाऊस नुकताच सुरू झालेला, टायर गार. हमरस्त्यावरून खाली उतरणारा गोल रॅम्प. वेग फार नव्हता, पण मध्यावर मला तो जास्त वाटला आणि ११ वर्षांच्या सवयीने मी अॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला. सेडानमध्ये हे बरोबरच असतं. नाकात वजन, गाडी बाहेर ढकलली जात असते, पाय उचलला की भार पुढच्या चाकांवर येतो आणि गाडी पुन्हा आत वळते. माझ्या नव्या गाडीतही भार पुढे आला, फक्त त्यामुळे मागची चाकं हलकी झाली आणि मागचा भाग बाहेर निघाला. स्टॅबिलिटी कंट्रोलने तो अर्ध्या सेकंदात पकडला. (घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीझच्या मोठ्या कूपेत आली, बॉशबरोबर मिळून केलेली. ज्यांनी केली त्यांना मी त्या दिवशी मनातल्या मनात दंडवत घातला.) काही झालं नाही. पण खाली पोचल्यावर गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं बसून होतो.

९११ मध्ये तर इंजिन मागच्या आसाच्याही मागे. वळणातून बाहेर पडताना त्याचा फायदा जबरदस्त मिळतो, मागची चाकं जमिनीला धरून ठेवतात. पण वळणाच्या मध्यावर घाबरून पाय उचलणाऱ्याला जुन्या ९११ लंबकासारख्या फिरवायच्या. आताच्या गाड्या रुंद टायर आणि इलेक्ट्रॉनिक्समुळे खूप सरळ झाल्यात. भौतिकशास्त्र मात्र बदललेलं नाही.

म्हणून कुठलीही घ्या, पहिल्या महिन्यात एक दिवस ट्रॅकवरच्या ड्रायव्हिंग स्कूलला द्या. मी रॅम्पच्या त्या प्रसंगानंतर गेलो, आधी जायला हवं होतं. तिथे पहिल्या तासात कळलं की वीस वर्षांत मी ब्रेक एकदाही पूर्ण दाबलेला नव्हता. पूर्ण म्हणजे एबीएसची धडधड तळपायाला लागेपर्यंत, आणि ती लागली तरी पाय न काढता. शिकवणारा माणूस दिवसभर एकच सांगत होता: कुठे जायचंय तिकडे बघ, ज्याला धडकायची भीती वाटते त्याच्याकडे बघू नकोस. ऐकायला सोपं आहे. करताना मान वळत नाही.

टायरवर थोडं जास्त लिहितो, कारण सेडानवाल्यांना टायर ही खर्चाच्या वहीतली एक ओळ वाटते. स्पोर्ट्स कारचा अर्धा स्वभाव टायरमध्ये असतो. उन्हाळी परफॉर्मन्स टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊन पकड सोडायला लागतं. ट्रॅकसाठीचे अर्धवट गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यात गाडी तरंगवतात. फोटोत कितीही भारी दिसले तरी रोजच्या वापराला घेऊ नका. माझे मागचे टायर १६ हजार किलोमीटरमध्ये गेले, सेडानवर तेवढ्यात ते निम्मेही झिजले नसते. आणि आवाज! लोकांना वाटतं इंजिनचा आवाज त्रास देईल. १०० च्या वेगाने सरळ जाताना इंजिन गप्पच असतं, रुंद टायर रस्त्यावर घोंघावत असतात. तीन तासांनी तीच घोंघों डोक्यात बसते. फोनवर बोलत प्रवास करायची सवय असेल तर ती सुटेल, हा फायदा समजा.

बाकीची कुरकुर पटकन उरकतो. स्पीड ब्रेकर तिरके घ्यायला शिकाल. तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर बंपरचा पुढचा ओठ एकदा तरी घासेल. पुढचा आस वर उचलण्याची सोय ज्या गाडीत असेल ती बघा, बाकी चकचकीत पर्याय नसले तरी चालतील. दारं लांब असतात, त्यामुळे पार्किंगमध्ये शेजारची गाडी कोणती यापेक्षा ती किती लांब उभी आहे हे बघायची सवय लागते. सुटं चाक बहुतेक नसतंच, टायर बुजवायचं रसायन आणि पंप असतो. केमनची मागची डिकी इंजिनालगत असल्याने तिथलं सामान कोमट होतं. आणि सकाळी गाडी सुरू केल्याकेल्या पिळायची नाही. पाण्याचा काटा लवकर वर येतो, तेलाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेल ८० अंशांच्या आसपास येईपर्यंत मी इंजिन अर्ध्याच्या वर फिरवत नाही. तुमचा रोजचा प्रवास एका बाजूने २० किलोमीटर म्हणजे तेवढं तापायला वेळ मिळतो, हे चांगलं आहे.

गिअरबॉक्स: माझी मॅन्युअल आहे आणि मला तिचा भारी अभिमान आहे. तरी तुम्हाला पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सुचवेन. रोज ४० किलोमीटरपैकी बरेच रखडत जाणार असतील तर जड क्लच गुडघ्याला सांगून जातो.

आता ९११ की केमन. ई-क्लास विकून एकच गाडी ठेवणार असाल तर ९११. मागच्या सीटवर मोठ्या माणसाने बसायचं नसतं, पण मुलं, दप्तरं, कोट सगळं मावतं, आणि आताची ९९२ पिढी आकाराने आणि स्वभावाने इतकी मोठी झालीय की लांबच्या प्रवासाला ती खरंच चांगली आहे. ई-क्लास घरात राहणार असेल तर केमन. लहान, हलकी, आणि कमी वेगातही काहीतरी चाललंय असं वाटायला लावणारी. ९११ ला तसं वाटायला लावायचं तर वेगाचा आकडा अशा ठिकाणी न्यावा लागतो की परवाना धोक्यात येतो. माझा कल केमनकडे आहे हे लपवत नाही.

पेट्रोलवरच्या ७१८ केमनचं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, त्यामुळे तुम्हाला ती बहुधा वापरलेलीच घ्यावी लागेल. तेव्हा दोन गोष्टी बघा. एक, ओव्हर-रेव्ह अहवाल: इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा आणि किती फिरलं याची नोंद गाडीचा कॉम्प्युटर ठेवतो आणि सर्व्हिस सेंटरवाले ती काढून देतात. मॅन्युअलमध्ये चुकून खालचा गिअर पडला असेल तर तिथे दिसतं. दोन, टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. या गाड्या बऱ्याचदा झाकून ठेवलेल्या असतात. नक्षी नव्यासारखी आणि रबर सात वर्षांचं, असं मी स्वतः पाहिलंय.

आणखी एक. "खरी" स्पोर्ट्स कार हा शब्द तुम्ही दोनदा वापरलाय. दाखवण्यापुरती ती हवी असेल आणि मनातून हवा असेल आराम, देखणेपणा आणि पायाखाली भरपूर ताकद, तर ग्रँड टूरर नावाचा एक जुना, सभ्य प्रकार आहे. लांबचा प्रवास झपाट्याने पण न थकता करायला बनवलेल्या गाड्या. तो घेतला म्हणून कोणी हसणार नाही. मी हसणार नाही.

ठरवायचं कसं, तर शोरूमच्या वीस मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हवर मुळीच नाही. त्या वीस मिनिटांत कोणीही प्रेमात पडतो. दोन दिवस भाड्याने घ्या. केमन मिळाली नाही तर माझदा एमएक्स-५ चालेल, एक टनाच्या आसपासची, १९८९ पासून हेच काम प्रामाणिकपणे करणारी गाडी. पहिल्या दिवशी मोकळ्या वळणांच्या रस्त्यावर जा, मजा करा, तो दिवस निकालात धरू नका. दुसऱ्या दिवशी तुमचा नेहमीचा ४० किलोमीटरचा फेरा करा, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या गर्दीत, बायकोला शेजारी बसवून. संध्याकाळी गाडी लावल्यावर आणखी एक चक्कर मारावीशी वाटली तर घ्या.

आता कंबर. मला वाटलं होतं कडक सीट मला मारेल, झालं उलटं. सेडानच्या सोफ्यात मी तासाभराने घसरून वाकडा बसायचो. चांगली स्पोर्ट्स सीट पाठीला दोन्हीकडून धरून ठेवते आणि माझी पाठ लांबच्या प्रवासात आता कमी दुखते. त्रास होतो तो आत-बाहेर करताना. सीट गुडघ्याच्या खाली असते. आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना उलटा क्रम. एक पाय आत टाकून कंबर पिळत बसलात तर महिनाभरात डॉक्टर गाठाल. पाठ न झुकणारी बकेट सीट अजिबात घेऊ नका, विक्रेता काहीही म्हणो. आणि टेस्ट ड्राइव्हची तारीख आधी ठरवू नका. ज्या सकाळी कंबर धरलेली असेल, त्या सकाळी फोन करा आणि जा.