डिग्री झाली, आता रोजचं काम

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुंबईत राहू की कोल्हापूरला परत जाऊ, असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर देतोच, पण त्याआधी सांग, उद्यापासून तुला कामाला कोण बसवणार? कॉलेजात मॉडेल वेळेवर बसायचं, सबमिशनची तारीख डोक्यावर असायची, शेजारच्या ईझलवर कुणाचं चांगलं चाललं असलं की आपलाही हात चालायचा. हे सगळं रिझल्टच्या दिवशी संपतं. हातातलं कसब लगेच जात नाही. सवय मात्र लवकर मोडते. उत्तम हात असलेली कितीतरी मुलं पहिल्या वर्ष-दोन वर्षांत थांबलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून दिवसातली एक वेळ ठरव आणि ती कुणाला देऊ नकोस. मूड असो-नसो, बसायचं. खोली लहान असेल तर मोठ्या कॅनव्हासचा हट्ट सोड, हँडमेड पेपरच्या पाव तुकड्यावर कर. घरातलीच एखादी वस्तू घे, खिडकीतला पाण्याचा तांब्या घे, आणि महिनाभर तोच काढ. पहिल्या आठवड्यात तांब्या येईल. मग कंटाळा येईल. त्यानंतर कडेवरचा उजेड, मागच्या भिंतीची रिकामी जागा, तांब्या आणि चौकट यांच्यातलं अंतर दिसू लागेल. तिथून पुढे चित्र तुझं होतं. ही गोष्ट वर्गात शिकवता येत नाही, कारण वर्गात दर आठवड्याला विषय बदलतो.

नोकरीची लाज वाटून घेऊ नकोस. चित्रकार प्रभाकर बरवे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर १९६१मध्ये हातमागाचं काम करणाऱ्या सरकारी विणकर सेवा केंद्रात लागले. नोकरीनेच त्यांना वाराणसीला नेलं, आणि तिथे भेटलेल्या तंत्रमार्गातल्या प्रतिमा त्यांच्या चित्रात उतरल्या. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे तपासणारे डॉक्टर) होते. २००५पर्यंत व्यवसाय सांभाळून त्यांनी शहरातली माणसं रंगवली. तेव्हा नोकरीने चित्रकार संपतो, हे मला मान्य नाही. फक्त निवडताना एक बघ: घरी आल्यावर डोळे शाबूत राहतात का? शाळेत कलाशिक्षिका झालीस तर पगार बेताचा असेल, पण संध्याकाळ तुझी राहील. मालिकेच्या सेटवर पैसे जास्त मिळतील, पण रात्री घरी आल्यावर ब्रश उचलवणार नाही. ते काम घ्यायचंच तर रंग-कॅनव्हासचे पैसे जमेपर्यंत घे आणि बाहेर पड.

प्रदर्शनाची घाई मला आवडत नाही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीमध्ये तारीख मिळायला काही वर्षं लागतात, त्यामुळे अर्ज आत्ताच करून ठेव. पण त्या तारखेसाठी चित्रं काढू नकोस. तोवर जहांगीरचा मॉन्सून शो, राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन इथे कामं पाठवत राहा. परत आलं तर पुढच्या वर्षी पाठव. ज्युरी बदलतात, आणि तुझं कामही बदललेलं असेल.

मला जास्त काळजी आहे ती सोबतीची. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये एकेकाळी गायतोंडे, हुसेन या चित्रकारांचे स्टुडिओ होते, तिथेच रविशंकरांची संगीतशाळा आणि दिग्दर्शक अल्काझींचं नाटक. तशी वास्तू आज मिळणं कठीण आहे, पण महिन्यातून एकदा एकमेकांची कामं भिंतीला लावून खरं बोलणारे तिघे-चौघे तुला जमवता येतील. 'छान आहे' म्हणणारे नकोत. 'हा कोपरा तू भरलास का?' असं विचारणारे हवेत.

आता कोल्हापूर. मी असतो तर परत गेलो असतो. जुने चित्रकार आबालाल रहमान जे. जे.त शिकून कोल्हापूरलाच परतले आणि तिथल्या निसर्गात रमले. मुंबईच्या भाड्यासाठी दिवसभर राबण्यापेक्षा घरची एक खोली आणि मोकळी सकाळ तुला जास्त देईल. प्रदर्शनं बघायला मुंबईला येत जा, मुक्कामाला आमचं घर आहेच.

आणि हो, प्रत्येक चित्राच्या मागे नाव, साल, माप, माध्यम लिही. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवू नकोस, बुरशी धरते. खाली फळी टाक आणि मागे हवा खेळू दे. गॅलरीला काम देताना किंमत, कमिशन आणि काम परत करायची तारीख कागदावर घे, माणूस कितीही ओळखीचा असो. संकोच करू नकोस, चांगले गॅलरीवाले स्वतःच कागद पुढे करतात.

दिवाळीनंतर येशील तेव्हा नवी कामं गुंडाळून घेऊन ये. मोबाईलवरचे फोटो मी बघणार नाही. अर्धवट राहिलेली चित्रंही आण, ती मला आधी बघायची आहेत.

तुझे सर